‘एकूण’ म्हणजे बेरीज?

तिसरी-चौथीच्या वर्गात भिंतीवर एक तक्ता हमखास आढळतो. कधी तो बाजारातून आणलेला, गुळगुळीत कागदाचा असतो; कधी बाईंनी रात्री जागून स्केचपेनने रंगवलेला. चार रकाने, चार चिन्हे आणि प्रत्येक चिन्हाखाली काही शब्द. अधिकच्या खाली एकूण, मिळून, आणखी, जास्त, सर्व. उणेच्या खाली उरले, शिल्लक, कमी, फरक, दिले, खाल्ले, हरवले. गुणिलेच्या खाली पट, दर, प्रत्येकी, याप्रमाणे. भागिलेच्या खाली समान, वाटले, एकाला. वर मथळा असतो ‘शाब्दिक उदाहरणे सोडवण्याची सोपी युक्ती’ किंवा असाच काहीतरी. गाइडांमध्ये हाच मजकूर चौकटीत छापलेला असतो आणि आता तो शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवरून गावोगाव पोचतो.

या तक्त्याविषयी आम्हाला जरा सविस्तर लिहायचे आहे. तो चांगल्या हेतूने लावलेला असतो, याविषयी शंका नाही. ‘बेरजा येतात, वजाबाक्या येतात, पण शाब्दिक उदाहरण आले की मुले अडतात’ ही तक्रार आपल्यापैकी प्रत्येकाने केलेली आहे, आणि तक्ता हा तिच्यावरचा उपाय म्हणून आला आहे. आमचे म्हणणे असे की हा उपाय रोग वाढवणारा आहे. आणि मराठीत तर तो विशेषच वाढवतो.

आधी एक गोष्ट मान्य करू. तक्ता चालतो. ‘बेरीज’ या प्रकरणाच्या शेवटी येणारी शाब्दिक उदाहरणे बहुतेक बेरजेचीच असतात. तिथे तक्त्याचीही गरज नसते. दोन संख्या शोधायच्या, एकाखाली एक मांडायच्या, झाले. घटकचाचणीत दोन-तीन प्रकार मिसळलेले असतात, तिथे तक्ता उपयोगी पडतो, कारण प्रश्न काढणाऱ्याच्या मनातही बहुधा तोच तक्ता असतो. म्हणजे तक्ता आणि प्रश्नपत्रिका एकमेकांना धरून उभे आहेत. त्यात गणित कुठे आहे, हा प्रश्न वेगळा.

आता तक्त्याची परीक्षा घेऊ. पुढच्या तीन गोष्टी पाहा.

रमाकडे ५ बोरे होती. सलमाने तिला आणखी ४ बोरे दिली. आता रमाकडे किती बोरे झाली?

रमाकडे ५ बोरे होती. सलमाने तिला आणखी काही बोरे दिली. आता रमाकडे ९ बोरे झाली. सलमाने किती बोरे दिली?

रमाकडे काही बोरे होती. सलमाने तिला आणखी ४ बोरे दिली. आता रमाकडे ९ बोरे झाली. आधी तिच्याकडे किती बोरे होती?

घटना तिन्हींत एकच आहे. तिन्हींत ‘आणखी’ आहे, तिन्हींत ‘दिली’ आहे. तक्त्याप्रमाणे ‘आणखी’ म्हणजे बेरीज आणि ‘दिले’ म्हणजे वजाबाकी. पहिल्याच गोष्टीत तक्त्याचे दोन रकाने एकमेकांशी भांडू लागतात. बरे, ‘आणखी’ला वरचा मान दिला तर दुसऱ्या गोष्टीचे उत्तर ५ अधिक ९ म्हणजे १४ येते, आणि तिसरीचे ४ अधिक ९ म्हणजे १३. नऊ बोरे जवळ असलेल्या मुलीला मैत्रिणीने चौदा बोरे दिली, असे लिहून मूल वही बाईंपुढे ठेवते. आपण म्हणतो, ‘अरे, जरा डोके वापर.’ पण डोके वापरू नकोस, शब्द शोध, असे भिंतीवर आपणच लिहून ठेवले आहे.

इथवरचा आक्षेप कोणत्याही भाषेतल्या अशा तक्त्यावर घेता येईल, आणि तो घेतला गेलेलाही आहे. पण मराठीपुरता आणखी एक आक्षेप आहे, आणि त्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. मराठी वाक्यात कोणी कोणाला काय केले, हे ठरवणारा मजकूर शब्दांच्या शेपटात असतो. ‘रमाने सलमाला ४ बोरे दिली’ आणि ‘रमाला सलमाने ४ बोरे दिली’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहा. नावे त्याच क्रमाने आली आहेत, संख्या तीच, वस्तू तीच, क्रियापदही तेच. बदलले ते केवळ ‘ने’ आणि ‘ला’. तेवढ्याने रमाची बोरे एका वाक्यात कमी होतात आणि दुसऱ्यात वाढतात. तक्त्यावर शिकलेल्या मुलाची नजर जाते ‘दिली’वर. अर्थ मात्र त्याने ओलांडून टाकलेल्या दोन अक्षरांत बसलेला असतो.

या ‘ने’चेच घ्या. ‘रमाने ३ बोरे खाल्ली’ इथे तो करणारी दाखवतो. ‘३ ने जास्त’ इथे तो फरक दाखवतो. ‘३ ने गुणा’, ‘३ ने भागा’ इथे आणखी वेगळेच काम करतो. ‘ला’चेही तसेच: ‘सलमाला दिले’ आणि ‘दहा रुपयांला तीन लिंबे’ यांतला ‘ला’ एक नव्हे. मोठ्या माणसाला हे जाणवतसुद्धा नाही. दुसरीतले मूल मात्र अजून अक्षर-अक्षर लावून वाचत असते. ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत ओळीची सुरुवात निसटते. प्रत्यय ही अशा वाचनात सगळ्यांत आधी सांडणारी गोष्ट आहे.

तुलनेची उदाहरणे मुलांना सर्वांत कठीण जातात, त्याचेही एक कारण इथे सापडते. ‘रमाकडे सलमापेक्षा ३ बोरे जास्त आहेत’ असे म्हणा किंवा ‘सलमापेक्षा रमाकडे ३ बोरे जास्त आहेत’ असे म्हणा. क्रम उलटा झाला तरी अर्थ तोच राहतो. पण ‘रमापेक्षा सलमाकडे’ म्हटले की सगळे फिरते. आता ‘रमाकडे ८ बोरे आहेत. सलमापेक्षा तिच्याकडे ३ बोरे जास्त आहेत. सलमाकडे किती?’ हे उदाहरण द्या. ‘जास्त’ हा शब्द ठळक दिसतो, आणि तक्त्याप्रमाणे तो बेरजेचा. उत्तर ११. ‘पेक्षा’ कुठल्याच रकान्यात नाही.

ही अडचण लहान मुलांपुरती राहत नाही. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी कलनशास्त्र शिकण्याच्या पातळीच्या १५० विद्यार्थ्यांना एक साधे वाक्य समीकरणात लिहायला सांगितले होते: या विद्यापीठात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत. ३७ टक्के विद्यार्थ्यांचे समीकरण चुकले, आणि नेहमीची चूक अशी की विद्यार्थ्यांच्या संख्येला सहाने गुणून ते प्राध्यापकांच्या संख्येबरोबर मांडायचे. नववी-दहावीच्या शिक्षकांना ही चूक ओळखीची वाटेल. वाक्यातले शब्द डावीकडून उजवीकडे उचलून चिन्हांत ठेवत जायचे, ही सवय तिसरीत लागते आणि बीजगणितात उघडी पडते.

भाषेचा विषय निघालाच आहे तर पुस्तकी मराठीविषयीही थोडे. ‘प्रत्येकी’, ‘शिल्लक’, ‘याप्रमाणे’, ‘अनुक्रमे’, ‘त्यांपैकी’ हे शब्द कोणत्या घरात बोलले जातात? मूल म्हणते ‘एकेकाला’, ‘राहिले’, ‘त्यातले’. ‘एका पेटीत २४ आंबे याप्रमाणे ६ पेट्यांत किती आंबे’ यातला ‘याप्रमाणे’ तर केवळ गणिताच्या पुस्तकात जगतो. ज्या मुलांच्या घरी मराठीच नाही, मेळघाटात कोरकू, धडगावात पावरी, भामरागडात माडिया, त्यांच्यापुढे ही दुहेरी भिंत असते. अशा मुलांना तक्ता पाठ करून दिला की ती उदाहरण वाचणे सोडून देतात. आपण त्याला प्रगती समजतो.

वाचणे सोडून दिलेली मुले काय करतात याचा सर्वांत प्रसिद्ध नमुना फ्रान्समधला आहे. ग्रनोबल येथील गणितशिक्षण संशोधन संस्थेने १९८० च्या सुमारास प्राथमिक शाळेतल्या सात ते नऊ वर्षांच्या मुलांना विचारले: एका जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती? ९७ मुलांपैकी ७६ जणांनी दिलेल्या संख्यांची काहीतरी क्रिया करून वय काढून दिले. या मुलांना वेड्यात काढण्यात अर्थ नाही. मेंढ्या मोजून माणसाचे वय कळत नाही, हे त्यांना घरी विचारले असते तर सहज सांगता आले असते. पण शाळेतला अनुभव त्यांना वेगळे शिकवतो: गुरुजींनी दिलेल्या उदाहरणाला उत्तर असतेच, त्यासाठी लागणाऱ्या सगळ्या संख्या उदाहरणात असतात, जास्तीची एकही नसते, आणि चार क्रियांपैकी एक केली की सुटका होते. मुलांनी हा अलिखित नियम अचूक ओळखला होता, इतकेच.

क्रिया बरोबर निवडली म्हणजे तरी समजले, असे म्हणावे का? अमेरिकेत तेरा वर्षांच्या मुलांच्या देशव्यापी चाचणीत एक प्रश्न होता, त्याचे निष्कर्ष १९८३ साली प्रसिद्ध झाले. लष्कराच्या एका बसमध्ये ३६ सैनिक बसतात. १,१२८ सैनिकांना न्यायचे तर किती बस लागतील? सुमारे ७० टक्के मुलांनी भागाकार बिनचूक केला. बरोबर उत्तर, म्हणजे ३२, लिहिले फक्त २३ टक्क्यांनी. २९ टक्के मुलांनी लिहिले, ‘३१, बाकी १२’. आणखी १८ टक्क्यांनी बाकी सोडून ३१ लिहिले आणि बारा सैनिकांना रस्त्यात उभे केले.

मग मुलांना शाब्दिक उदाहरणे कळतच नाहीत का? उलट आहे, आणि या साऱ्या विषयातला आमच्या मते सर्वांत मोलाचा भाग हाच. शाळेत चिन्हे शिकण्याच्या आधीपासून मुलांना गोष्टीतले गणित सोडवता येते.

१९८३ मध्येच टॉम हडसन या अमेरिकन संशोधकाचा एक साधा प्रयोग प्रसिद्ध झाला. चित्रात पाच पक्षी आणि तीन अळ्या. मुलांना विचारले, ‘अळ्यांपेक्षा पक्षी कितीने जास्त आहेत?’ पहिलीतल्या ६४ टक्के मुलांना उत्तर आले, बालवाडीच्या वरच्या वर्गातल्या २५ टक्के मुलांना आणि त्याहून लहान वर्गातल्या केवळ १७ टक्के मुलांना. मग तेच चित्र ठेवून प्रश्न बदलला: ‘पक्षी अळ्या खायला निघाले. प्रत्येक पक्ष्याला एक अळी मिळेल का? किती पक्ष्यांना मिळणार नाही?’ आता पहिलीतल्या सगळ्या मुलांनी बरोबर सांगितले. बालवाडीत ९६ टक्के आणि सर्वांत लहानांत ८३ टक्के. गणित तेच, संख्या त्याच. बदलली ती फक्त भाषा, आणि भाषेबरोबर मुलाच्या डोळ्यांपुढे उभे राहणारे दृश्य. म्हणजे ‘कितीने जास्त’ या प्रश्नावर गप्प बसणारे मूल वजाबाकीत कच्चे आहे, असा निष्कर्ष काढायला आधारच उरत नाही.

विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या टॉमस कार्पेंटर, एलिझाबेथ फेनेमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा धागा पुढे नेला. १९९३ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बालवाडीतली ७० मुले होती. वर्षभर त्यांच्या बाईंनी त्यांना नाना प्रकारच्या तोंडी गोष्टी घालून सोडवू दिल्या होत्या. वर्षअखेर प्रत्येकाला एकेकटे बसवून नऊ उदाहरणे विचारली. त्यांत गुणाकार आणि भागाकाराच्या गोष्टीही होत्या. ३२ मुलांची रीत नऊच्या नऊ उदाहरणांत योग्य होती. ४४ मुलांची सात किंवा अधिक उत्तरे बरोबर आली. एकही उत्तर न आलेली मुले फक्त पाच. या मुलांना पाढे येत नव्हते, भागाकाराचे चिन्ह माहीत नव्हते.

ती करतात काय? गोष्टीत जे घडले तेच हाताने घडवतात. ‘१२ लाडू ३ मुलांना सारखे वाटले’ म्हटले की बारा चिंचोके घेऊन तीन जागी एकेक टाकत जातात. ‘१२ लाडू आहेत, एकेकाला ३ द्यायचे, किती मुलांना पुरतील’ म्हटले की तीन-तीनचे ढीग काढतात आणि ढीग मोजतात. आपण दोन्हींना १२ भागिले ३ म्हणून मोकळे होतो. मुलाच्या लेखी ही दोन वेगळी कामे आहेत, आणि मुलाचे बरोबर आहे. रमाच्या तिसऱ्या गोष्टीत मुले अडखळतात, कारण सुरुवातीला किती चिंचोके घ्यायचे हेच माहीत नसते. काही मुले अंदाजाने काही घेतात, चार मिळवतात, नऊ झाले नाहीत की पुन्हा बसतात. गोष्ट उलटी फिरवून नवातून चार परत द्यायचे, हे सुचायला वेळ लागतो. तो वेळ म्हणजेच गणित शिकणे.

आता दुसऱ्या गोष्टीकडे परत येऊ, कारण तिथे आपल्या वर्गांत एक अन्याय सर्रास होतो. पाच बोरांवर चार मिळवली की नऊ होतात, असे मोजत जाऊन मूल वहीत लिहिते ५ + ४ = ९, आणि खाली, ‘सलमाने ४ बोरे दिली’. उत्तर बरोबर, विचार बरोबर, मांडणी गोष्टीला धरून. पण आदर्श उत्तरपत्रिकेत रीत असते ९ − ५ = ४, आणि वर ‘हे वजाबाकीचे उदाहरण आहे’ असा शिक्का. मग लाल शाईची फुली पडते, किंवा रीतीचे गुण कापले जातात. मुलाला कळते ते एवढेच की समजून केलेले चालत नाही. त्या दिवसापासून ते तक्त्याकडे पाहू लागले तर दोष कुणाचा? ‘विधान’ न लिहिल्याबद्दल अर्धा गुण कापण्याची प्रथाही याच घरची. विधान लिहिण्याने विचार स्पष्ट होत असेल तर जरूर लिहावे. पण आम्ही पाहिलेल्या कितीतरी वह्यांत ते उत्तर काढून झाल्यावर वरच्या रिकाम्या ओळीत भरलेले असते.

‘आधी क्रिया पक्क्या करून घ्या, मग शाब्दिक उदाहरणे’ हा क्रम आपण इतका गृहीत धरतो की तो तपासतच नाही. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात तेरेझिन्या नुनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावर नारळ, फळे विकणाऱ्या ९ ते १५ वर्षांच्या पाच मुलांचा अभ्यास केला. तो १९८५ साली प्रसिद्ध झाला. गिऱ्हाईक बनून विचारलेल्या हिशेबांत ९८ टक्के उत्तरे बरोबर आली. मग याच मुलांना तसेच हिशेब कागद-पेन्सिल देऊन विचारले. गोष्टीच्या रूपात दिले तेव्हा सुमारे ७४ टक्के बरोबर. नुसती आकडेमोड दिली तेव्हा ३७ टक्के. पाचच मुले, म्हणून फार मोठा सिद्धांत त्यावर उभारू नये. पण चढण कोणत्या दिशेला आहे ते पाहा. नुसती आकडेमोड सर्वांत अवघड होती. गोष्टीने ओझे वाढवले नाही, हलके केले. त्यातल्या एका मुलाने ३५ ला एक या भावाने दहा नारळांची किंमत कशी काढली? तीन नारळांचे १०५ त्याला रोजच्या विक्रीमुळे तोंडपाठ. आणखी तीन, २१०. आणखी तीन, ३१५. राहिला एक, ३५०. दहाने गुणताना शून्य चढवायचे, हा शाळेचा सोपा नियम त्याने वापरला नाही. त्याने नारळ मोजले.

यावरून ‘मुलांना बाजारात पाठवा, गणित आपोआप येईल’ असे कोणी म्हणू लागले तर तेही खरे नाही. अभिजित बॅनर्जी, एस्तेर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांतल्या मुलांवर केलेला मोठा अभ्यास फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. विक्री करणारी मुले मनात भराभर हिशेब करत होती, पण शाळेच्या पद्धतीने लिहिलेल्या गणितांत कमी पडत होती. शाळेत जाणारी, बाजारात काम न करणारी मुले शाळेची सोपी गणिते करत, पण बाजारातल्या हिशेबात अडत. दोन्ही बाजूंना पूल नाही. शाब्दिक उदाहरण हा तो पूल व्हायला हवा होता. आपण त्याचे शब्दकोडे केले.

उदाहरणांच्या मजकुराविषयी एवढेच म्हणतो, की तीत सांगण्याजोगी गोष्ट तरी असावी. कुणा एकाने ९६ आंबे आणि ४८ पेन्सिली घेतल्या, ‘तर एकूण वस्तू किती?’ असे कोण कशासाठी विचारेल? ज्या भावाला आज बाजारात काही मिळत नाही असे भाव जुन्या संग्रहांतून उतरवून घेतलेले असतात, आणि मुलांना ते कळते. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे सन ११५० च्या सुमारास, भुंग्यांच्या थव्याचे उदाहरण आहे: पाचवा हिस्सा एका फुलझाडावर गेला, तिसरा हिस्सा दुसऱ्यावर, या दोहोंच्या फरकाची तिप्पट तिसऱ्यावर, आणि एक भुंगा मध्येच घोटाळत राहिला, तर थवा केवढा? ‘हिस्सा’, ‘फरक’, ‘तिप्पट’, ‘राहिला’. तक्ता हातात घेऊन बसलेल्या विद्यार्थ्याला इथे भागाकार, वजाबाकी, गुणाकार आणि पुन्हा वजाबाकी करावीशी वाटेल. तीन झाडांवर मिळून थव्याचा चौदा-पंधरांश गेला आणि उरलेला पंधरांश म्हणजे तो एकटा भुंगा, हे ज्याला दिसले त्याला १५ हे उत्तर मिळाले. वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांनी हे करून पाहावे.

वर्गात काय करता येईल, हे आता सांगतो. यांतले काहीच आमचा शोध नाही.

पहिली-दुसरीत उदाहरण पुस्तक मिटून, बोलीत, तोंडी सांगावे. मुलाने ते आपल्या शब्दांत परत सांगावे, तेही आकडे वगळून: ‘रमाकडे थोडी बोरे होती, सलमाने अजून दिली, आता पुष्कळ झाली.’ एवढे नीट सांगता आले की निम्मे काम झाले. हे सांगणे जमत नसेल तर तक्ता, सराव, शिकवणी यांपैकी कशाचाही उपयोग नाही, कारण अडचण गणितात नाही. खडे, चिंचोके, मणी दुसरीनंतर कपाटात बंद करू नयेत. चित्र काढू द्यावे, फक्त बोरासाठी एक गोल पुरतो हे सांगावे लागते. नाहीतर तास संपतो आणि बोराच्या झाडाची पाने तेवढी रंगवून होतात. तुलनेसाठी एकाखाली एक दोन पट्ट्या काढण्याची सवय फार उपयोगी आहे: वरची रमाची, खालची सलमाची, आणि वरची जेवढी पुढे गेली तेवढी तीन. पट्ट्या काढताना कोणाची लांब, हे ठरवावेच लागते, आणि ते ठरवताना ‘पेक्षा’ वाचावाच लागतो.

कधी प्रश्न काढून टाकावा. ‘एसटीत ३८ प्रवासी होते. मंचरला ११ उतरले आणि ६ चढले.’ बस्स, एवढेच. काय काय विचारता येईल ते मुलांनी सांगावे. आता गाडीत किती? चढणाऱ्यांपेक्षा उतरणारे कितीने जास्त? कुणीतरी नक्की विचारते, ‘यात कंडक्टर धरला का?’ या मुलाला गप्प बसवू नये; उदाहरण खरोखर वाचणारे ते एकटेच असू शकते. कधी जास्तीची संख्या घालावी, कधी उत्तर निघूच शकत नाही असे उदाहरण मधेच ठेवावे, आणि ‘हे काढता येत नाही, कारण…’ या उत्तराला पूर्ण गुण द्यावेत.

आणि मुलांना गोष्टी रचायला सांगाव्यात. फळ्यावर ९ − ४ लिहून म्हणावे, याची गोष्ट लिहा. चाळीसच्या चाळीस वह्यांत ‘नऊ होते, चार खाल्ले’ एवढेच आले, तर वर्गाला वजाबाकीचा एकच चेहरा माहीत आहे असे समजावे. नऊ आणि चार यांतला फरक, चारचे नऊ व्हायला किती हवेत, नवांतले चार मुलगे तर मुली किती, हे चेहरे दाखवायचे राहिले आहेत. कोणत्याही चाचणीपेक्षा हे लवकर कळते.

यावर शिक्षकांचे उत्तर आम्हाला ठाऊक आहे: एका वर्गात दोन इयत्ता, अभ्यासक्रम संपवायचा, शिष्यवृत्ती परीक्षा, इतका वेळ कुठे आहे? ही तक्रार खरी आहे आणि तिच्यावर सोपे उत्तर नाही. एवढेच सुचवतो, की तासाला दहा उदाहरणांऐवजी तीन घ्यावीत आणि ती एकाच प्रकारची नसावीत. रमाच्या तीन गोष्टी एकाच तासात, एकापाठोपाठ घेतल्या तर आणखी वेळ मागत नाहीत. ‘कच्च्या मुलांना निदान तक्त्याचा तरी आधार होतो’ हे दुसरे उत्तर मात्र आम्हाला पटत नाही. हुशार मूल तक्ता असूनही उदाहरण वाचते, म्हणून तक्ता त्याला बाधत नाही. ज्याचे वाचन आधीच डळमळीत आहे, तेच मूल तो पूर्ण विश्वासाने वापरते.

तक्ता फाडून टाका, असे आम्ही म्हणत नाही. ज्या बाईंनी तो रात्री जागून केला त्यांना ते सांगणेही बरे नाही. त्याच्याखाली एक कोरा कागद चिकटवावा. तक्त्याला फसवणारे उदाहरण ज्याला सापडेल त्याने ते नावासकट तिथे लिहावे. सुरुवातीला एक आपणच लिहून द्यावे: माझी ३ खोडरबरे हरवली, ताईची २ हरवली, दोघींची मिळून किती हरवली?